आईला नळी बसवायची का? डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातलं भरवणं

प्रश्न, थोडक्यात: कोथरूडहून लिहितोय. आई ८२ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेलं वर्षभर अंथरुणावरच आहे, बोलणं बंद आहे, आम्हाला ओळखत नाही. दोन-तीन महिन्यांपासून घास तोंडातच धरून ठेवते, पाण्याचा ठसका लागतो, वजन ३८ किलोवर आलंय. न्यूमोनियासाठी दुसऱ्यांदा ॲडमिट केलंय. नाकातून नळी घातली होती, ती तिने ओढून काढली, म्हणून आता हात बांधून ठेवलेत. डिस्चार्जच्या आधी पोटातली नळी, म्हणजे पेग, करून घ्या असं सांगितलंय. न्यू जर्सीची बहीण म्हणते लगेच करा. आत्या म्हणते, “बाबांनो, तिला उपाशी मारणार का?” पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या मावशी म्हणतात, नळीचा पेशंट असेल तरच येईन. काय करावं? आणि नळी नको म्हटलं तर पुढे काय होईल?

उत्तर:

आधी सरळ सांगते, कारण डिस्चार्ज उद्या-परवावर आला असेल तर सगळं वाचायला तुम्हाला सवड नसणार. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून, माझ्या पेशंटच्या घरच्यांना मी पेग करू नका असंच म्हटलं असतं. न्यूमोनिया आटोक्यात आला की नाकातली नळीही काढा आणि तोंडाने जेवढं जाईल तेवढंच, पण नीट भरवा, असं सुचवलं असतं. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही. तेव्हा खाली काही गोष्टी बघून घ्यायला सांगितल्यात, त्या आधी होऊ द्या.

नळीकडून घरच्यांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. आई जास्त जगेल, ठसका लागून न्यूमोनिया होणार नाही, पाठीची जखम भरेल, अंगात जरा ताकद येईल. या सगळ्याची तपासणी परदेशात बरीच झाली आहे. १९९९ साली अमेरिकेत फिनुकेन आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळलं, तेव्हा डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात यातल्या एकाही गोष्टीला आधार सापडला नाही. जगभरातलं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या गटाचा आढावा २००९ मध्ये आला, २०२१ मध्ये पुन्हा झाला, चित्र बदललं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांना कायम सांभाळणाऱ्या केंद्रांमधल्या, ३६ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती तपासली गेली. नळी घातलेले आणि न घातलेले यांच्या आयुष्यात फरक निघाला नाही, आणि नळी लवकर घातली की उशिरा यानेही काही बदललं नाही. बेडसोअरचं, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचं, तर उलटंच झालं. पेग केलेल्यांमध्ये नवी जखम होण्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला. पेशंट बघणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. नळीच्या पातळ अन्नाने जुलाब होतात, डायपर सतत ओला राहतो, आणि हात बांधलेला माणूस कूस बदलत नाही.

चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नळी आणि निम्म्यांना नाही, असा प्रयोग कुणी केलेला नाही, करणं शक्यही नाही. त्यामुळे शंभर टक्के सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. पण फायदा असता तर इतक्या हजारो रुग्णांत तो कुठेतरी डोकावला असता. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी आणि युरोपातली पोषणतज्ज्ञांची संघटना, दोघीही या टप्प्यात नळी नको असंच सांगतात.

न्यूमोनियाबद्दल जरा थांबून सांगते, कारण ‘ठसका लागतो म्हणून नळी’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण ती नकळत गिळत असतो. तुमच्या आईंची गिळण्याची यंत्रणा मंदावली आहे, त्यामुळे ती लाळ, त्यातल्या जंतूंसकट, थोडीथोडी श्वासनलिकेत उतरते. नळीने अन्नाचा रस्ता बदलतो, लाळेचा नाही. शिवाय पोटात एकदम दोनशे मिली ओतलं की ते वर येतं, आणि आडव्या पेशंटमध्ये घशापर्यंत पोहोचतं. नळी असतानाही न्यूमोनिया होतो, आणि तेव्हा घरचे म्हणतात, “आता तर तोंडातून काहीच देत नव्हतो, मग कसा झाला?” त्यापेक्षा रोज दोन वेळा दात, हिरड्या आणि जीभ साफ केली तर न्यूमोनियावर जास्त उपयोग होतो. हे काम फुकटात होतं, म्हणून बहुधा कुणी मनावर घेत नाही.

जाता जाता एक गंमत. नाकातल्या नळीला आपण रायल्स ट्यूब म्हणतो. रायल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ च्या सुमारास ती पोटातला रस बाहेर काढून तपासायला वापरली होती. पेगची पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, ती गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांसाठी यातलं काहीच शोधलेलं नव्हतं. सोय होती, म्हणून वापर पसरत गेला.

वर दिलेले बरेचसे अभ्यास पेगवरचे आहेत. पुण्यात मला घरोघरी दिसते ती मात्र नाकातलीच नळी. पेग म्हणजे ऑपरेशन, या भीतीने लोक नाकातल्या नळीवर थांबतात आणि ती महिनोन् महिने तशीच चालते. खरं तर माणसाला त्रास तिचा जास्त होतो. जवळून बघा कधी. नाकपुडीच्या कडेला चिकटपट्टीखाली कातडी लाल होऊन सोललेली असते. घसा कोरडा पडलेला असतो, कारण तोंड सतत उघडं. आणि हात पुन्हा पुन्हा नाकाकडे जातो. तुम्हा-आम्हाला समजावून सांगता येतं की ही नळी आहे, हात लावू नका. आईंना फक्त एवढंच कळतं की नाकात काहीतरी टोचतंय. ते काढून टाकणं ही अगदी शहाणी प्रतिक्रिया आहे. आपण तिला ‘पेशंट को-ऑपरेट करत नाही’ म्हणतो आणि हात पलंगाच्या कठड्याला बांधतो. पेग केलं की हा प्रश्न सुटतो असंही नाही, बोटं मग पोटावरच्या नळीशी चाळा करतात.

मग डॉक्टर नळी सुचवतात कशासाठी? त्यांना व्हिलन करू नका. वॉर्डात एका सिस्टरकडे बरेच पेशंट असतात. तुमच्या आईंना नीट भरवायला एका वेळेला पाऊण तास लागतो, नळीने ते काम दहा मिनिटांत उरकतं. ‘तोंडाने दिलं आणि ठसका लागून काही झालं तर’ ही धास्तीही असते, आणि पेशंट उपाशी घरी पाठवला असा ठपका कुणाला नको असतो. काही केअर सेंटर्स तर नळी असेल तरच घेतो असं तोंडावर सांगतात. हॉस्पिटलच्या बाजूने बघितलं तर यातलं प्रत्येक कारण समजण्यासारखं आहे. फक्त ती कारणं त्यांची आहेत, आईंची नाहीत, एवढं ध्यानात ठेवून बोलायला बसा. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: “यातून आई बरी होऊन पुन्हा तोंडाने खायला लागेल असं तुम्हाला वाटतं का?” आणि “ही नळी किती दिवसांसाठी?” दुसऱ्याचं उत्तर ‘कायमची’ असेल, तर पहिल्याचंही उत्तर तुम्हाला मिळालं.

आता तपासून घ्यायच्या गोष्टी. खाणं कमी झालं की ‘डिमेन्शिया वाढला’ म्हणून मोकळं होण्याची घाई आपण करतो, आणि कधीकधी कारण साधं निघतं. टॉर्च घेऊन तोंड बघा. जिभेवर, गालाच्या आतून दह्यासारखा पांढरा थर असेल तर ते फंगल इन्फेक्शन आहे, औषधाने आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. किडलेला दात, सैल झालेली कवळी, हिरडीवरचा फोड बघा. पोट साफ होऊन किती दिवस झाले ते विचारा, कारण आठ दिवसांची बद्धकोष्ठता असलेला कुठलाही माणूस जेवत नाही. सोडियम आणि थायरॉइड तपासा, लघवीचं इन्फेक्शन आहे का बघा, कुठे दुखतंय का बघा. आणि औषधांची यादी काढा. डोनेपेझिल या स्मरणशक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळीने भूक मरते, मळमळ होते. या टप्प्यात त्याचा फायदाही फारसा उरलेला नसतो, तेव्हा ते थांबवायचं का हे डॉक्टरांना विचारा. रात्री शांत झोपावं म्हणून दिलेल्या क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोनने पेशंट दिवसा गुंगीत राहतो, आणि गुंगीतला माणूस गिळत नाही. न्यूमोनियाच्या दिवसांत गिळणं जितकं बिघडतं तितकंच ते कायम राहतं असंही नाही, ताप उतरल्यावर चार-आठ दिवसांत थोडं परत येऊ शकतं. वॉर्डातल्या सगळ्यात वाईट दिवशी कायमचा निर्णय घेऊ नका, असं मी म्हणते ते याचसाठी.

आत्यांच्या वाक्याकडे येते. उपाशी मारणं हा शब्द काळजाला लागतो, आणि त्यांच्या पिढीने अन्नाची टंचाई पाहिली आहे, त्यामुळे त्यांना दोष देऊ नका. पण उपाशी मारणं म्हणजे ज्याला भूक आहे त्याच्यापुढचं ताट ओढून घेणं. इथे ताट समोर आहे, चमचा ओठाशी आहे, रोज तीनदा. शरीर आवरतं घेतंय म्हणून ते जेवण नको म्हणतंय. या अवस्थेतल्या माणसाला भूक जाणवते का, हे डिमेन्शियाच्या पेशंटला विचारता येत नाही. पण बोलू शकणाऱ्या मरणासन्न रुग्णांना विचारलं गेलंय. १९९४ मधल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात अशा ३२ जणांपैकी २० जणांना भूक अजिबात लागली नाही आणि ११ जणांना फक्त सुरुवातीला लागली. कोरड पडली, पण ती ओठ-तोंड ओलं ठेवून आणि घोट-घोट पाणी देऊन शमत होती. नेदरलँड्समध्ये डिमेन्शियाच्या ज्या रुग्णांना नळी किंवा सलाईन द्यायचं नाही असं ठरलं, त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. त्यांची तगमग वाढत गेली नाही, बहुतेकांची कमीच झाली.

कुणीतरी नातेवाईक हमखास विनोबांचं किंवा सावरकरांचं प्रायोपवेशन काढतात. त्याची इथे सांगड घालू नका. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न सोडलं ते पूर्ण शुद्धीत, स्वतः ठरवून. तुमच्या आईंनी काही सोडलेलं नाही आणि तुम्हीही त्यांच्या वतीने काही सोडत नाही. त्यांना भरवणं चालूच राहणार आहे.

आणि ते भरवणं कसं, हेच मला खरं तर सांगायचंय. हॉस्पिटलमध्ये ‘नळी किंवा काहीच नाही’ असे दोनच पर्याय पुढे ठेवले जातात, तिसरा शिकवायला कुणाकडे वेळ नसतो.

पलंगाची पाठ उचला, जितकी सरळ होईल तितकी. गुडघ्याखाली उशी द्या, म्हणजे पेशंट घसरत नाही. मान मागे पडू देऊ नका, हनुवटी किंचित खाली हवी. मान मागे टाकून वरून चमचा ओतायची सवय आपल्याकडे फार आहे, लहान मुलाला औषध पाजतात तशी, आणि सगळ्यात जास्त ठसके त्यानेच लागतात. तुम्ही उभ्याने भरवू नका. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर खुर्ची घेऊन बसा. टीव्ही बंद. चहाचा लहान चमचा, तोही अर्धाच भरायचा. चमचा आधी खालच्या ओठाला टेकवा आणि थांबा. तोंड उघडलं तर द्यायचं. ओठ घट्ट मिटले, मान वळवली, तर ते ‘नको’ आहे, पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचं. दोन-तीनदा नको आलं तर त्या वेळचं जेवण संपलं. नाक दाबून, गाल दाबून भरवणं हे भरवणं नव्हे.

घास घशाखाली गेला की नाही हे कंठाकडे बघून कळतं, तो वर उचलला जाऊन खाली येतो. ते दिसेपर्यंत दुसरा चमचा नाही. जेवण झाल्यावर गालात काही साठलंय का ते बघा, आणि निदान अर्धा तास बसतं ठेवा.

सदाशिव पेठेत एका घरी सूनबाई सासूबाईंना मेतकूट-भात भरवत होत्या, कारण आजींना तो आयुष्यभर आवडायचा. आजी घास तोंडात घ्यायच्या आणि बसायच्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. सूनबाई म्हणायच्या, “गिळा ना आई, गिळा.” गिळण्याची ऑर्डर मेंदूतून सुटतच नव्हती, त्यामुळे सांगून उपयोग नव्हता. आम्ही दोन गोष्टी केल्या. भाताची शितं सुटी राहत होती, म्हणून तो बाजूला ठेवून गुळाचा शिरा दुधात सैल केला, अगदी एकजीव. आणि घास तोंडात असतानाच थंड पाण्यात बुडवून पुसलेला रिकामा चमचा जिभेवर हलकेच टेकवला. कंठ हलला. पुढचे आठ-दहा घास तसेच गेले: एक भरलेला चमचा, एक रिकामा. प्रत्येकाला हे लागू पडतं असं नाही. पण घास धरून ठेवणाऱ्यांमध्ये ही युक्ती मी सगळ्यात आधी करून बघते. तुमच्या आईंचीही तक्रार तीच आहे.

पदार्थांबद्दल. आपल्याला वाटतं पातळ म्हणजे गिळायला सोपं. उलट आहे. पाणी आणि चहा सगळ्यात अवघड, कारण ते गिळण्याची तयारी व्हायच्या आत घशात धावतात. त्याहून वाईट म्हणजे दोन जातींचं मिश्रण: पातळ वरणात सुटा भात, चहात विरघळलेलं बिस्किट, ताकात पोहे. पाणी आधी जातं आणि गाळ मागे राहतो. चिकट पदार्थ, म्हणजे साबुदाण्याची खिचडी किंवा कोरडे पोहे, टाळूला बसतात. चालतं काय, तर एकजीव आणि चमच्यावरून न ओघळणारं. गुरगुट्या भात मुगाच्या वरणात घोटून, वर साजूक तूप. नाचणीचं सत्त्व, रव्याची खीर घट्टसर, घोटलेला लाल भोपळा, कुस्करलेलं केळं, चक्का किंवा श्रीखंड, मोसमात आमरस. डिमेन्शियात गोडाची चव बराच काळ टिकते, त्यामुळे गोडाने तोंड उघडतं आणि मग मधे एखादा तिखटमिठाचा घास जातो. साखरेची काळजी या टप्प्यात करू नका. डायबेटिस असेल तर गोळ्या कमी करायच्या का ते विचारा, कारण खाणं कमी झाल्यावर तीच गोळी साखर धोकादायक खाली आणते. पाणी घट्ट करायची पावडर मिळते. तिने ठसका कमी होतो, पण चव पिठूळ लागते आणि माणूस पितो आणखी कमी. मी आधी दही, घट्ट ताक, गोठवलेल्या सरबताचा चुरा असं करून बघते.

किती गेलं ते मोजू नका. खरंच. कॅलरीचा तक्ता फ्रिजवर लावलेल्या घरात जेवणाची वेळ म्हणजे लढाई झालेली असते. चार चमचे शांतपणे गेले, तर ते जेवण झालं. ठसके अधूनमधून लागणारच, तो धोका आपण समजून-उमजून घेतोय, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर ज्याच्या हातून घास देताना ठसका लागला, तो माणूस ते ओझं वर्षानुवर्षं वाहत बसतो.

“मग निदान सलाईन तरी लावू” असं आता कुणीतरी म्हणेल. पाच टक्के ग्लुकोजच्या पाचशे मिलीच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. म्हणजे शंभरच्या आतबाहेर कॅलरी, एका पोळीएवढ्या. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईनचा उपयोग आहेच. रोजचं जेवण म्हणून मात्र नाही. शेवटच्या दिवसांत ते पाणी हातापायांवर सूज आणि छातीत घरघर होऊन बसतं, आणि शीर सापडत नाही म्हणून टोचण्या होतात त्या वेगळ्याच.

नळी कधीच घालू नये, असं माझं म्हणणं नाही. लकव्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत गिळणं परत यायची शक्यता असते, तिथे घालाच. डिमेन्शिया सुरुवातीचा किंवा मधला आहे, माणूस हिंडता-फिरता होता, आणि एखाद्या इन्फेक्शनने एकदम ढासळला, तरी ठरावीक दिवसांसाठी घालावी. पण ठरावीक म्हणजे तारीख टाकून: दोन आठवड्यांनी बघू, सुधारणा नसेल तर काढू. आणि तुमच्या कुटुंबाने सगळं ऐकून-समजून तरीही नळी हवी असं ठरवलं, तर मी भांडणार नाही. मग एकदम दोनशे ओतण्याऐवजी थोडंथोडं द्या, डोकं उंच ठेवा, आणि जिभेला चव मिळेल एवढं तोंडानेही देत राहा.

कायद्याची शंका तुम्ही विचारली नाही, पण डॉक्टर काढतील. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ ला ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचे कृत्रिम उपचार सुरू न करणं किंवा थांबवणं याची पद्धत घालून दिली, आणि २४ जानेवारी २०२३ ला ती बरीच सुटसुटीत केली. आता शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करता येतं. आईंना ते आता करता येणार नाही, त्याला स्वतःची समज शाबूत लागते. पण वडील असतील तर त्यांचं, आणि तुमचंही, करून ठेवा. आईंच्या बाबतीत हॉस्पिटल प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया सांगेल, ती त्यांना करू द्या. डॉक्टरांशी जे बोलणं होईल ते केसपेपरवर लिहून घ्या: आजार कोणत्या टप्प्यावर आहे, पेग का नको, तोंडाने भरवणं चालू राहणार आहे. ‘पेशंटच्या नातेवाइकांनी उपचार नाकारले’ एवढ्या एका ओळीवर सही करून येऊ नका. त्याने तुमची बाजू पडते आणि आईंचीही.

पुढे काय होईल, हेही स्पष्टच सांगते. सुझन मिचेल यांच्या गटाने बॉस्टनजवळच्या नर्सिंग होममधल्या प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ रुग्णांना दीड वर्ष बघितलं, तो अभ्यास २००९ मध्ये आला. त्यातल्या ८६ टक्क्यांना खाण्याची अडचण आली, म्हणजे हा या आजाराचा ठरलेलाच मुक्काम आहे, तुमच्या सेवेत काही कमी पडलं म्हणून आलेला नाही. खाण्याची अडचण सुरू झाल्यावर सहा महिन्यांत सुमारे ३९ टक्के रुग्ण गेले, न्यूमोनियानंतर सुमारे ४७ टक्के. तुमच्या आईंना दोन्ही झालंय. तेव्हा आपण काही महिन्यांचा हिशोब करतोय, कदाचित आठवड्यांचा. खाणं कमी कमी होत जाईल, झोप वाढेल, मग एखादा ताप येईल. त्या तापाला पुन्हा ॲडमिट करायचं का, हे आजच ठरवा, कारण रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स दारात असताना ते ठरत नाही. घरीच ठेवायचं ठरलं तर तापाला आणि दम लागण्याला काय द्यायचं ते आधी लिहून घ्या आणि औषधं आणून ठेवा. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा, म्हटलं की पुण्यात लोकांना वारज्याचं सिप्लाचं केंद्र आठवतं, १९९७ पासून ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करतंय. त्यामुळे ही सेवा फक्त कॅन्सरची, असा समज पसरलाय. डिमेन्शियालाही ती तितकीच लागते, आणि घरी येणारे पॅलिएटिव्ह डॉक्टर आता शहरात मिळतात. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. दम लागला तर मॉर्फिनचा अगदी छोटा डोस फार आराम देतो, पण तो देणारा डॉक्टर आधीपासून ओळखीचा हवा.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगत बसू नका. व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर ठेवा आणि तिच्यासमोर आईंना एक जेवण पूर्ण भरवा, पाऊण तास. दूर राहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीतली आई असते. तिला आताची आई दिसू द्या. अमेरिकेतच डिमेन्शियात नळी घालण्याचं प्रमाण २००० ते २०१४ मध्ये जवळपास निम्म्यावर आलं, हेही तिला सांगा. ‘इकडे असते तर लगेच केली असती’ हे वाक्य मग येणार नाही.

राहिल्या ब्यूरोच्या मावशी. नळीचा पेशंट सोपा असतो हे त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. बारा तासांच्या ड्यूटीत दोन तास नुसतं भरवण्यात जाणार, आणि ठसका लागला तर बोल त्यांनाच. म्हणून भरवण्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. सकाळचं आणि संध्याकाळचं घरच्यांनी करायचं, दुपारचं मावशींनी, आणि तेही पहिला आठवडा तुमच्यापैकी कुणीतरी शेजारी बसून शिकवल्यावर. ठसका लागला तर आम्ही तुम्हाला बोलणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या. एवढं करून नाही म्हणाल्या तर ब्यूरोकडे दुसऱ्या मावशी मागा, तोंडाने भरवणारा पेशंट आहे असं आधीच सांगून. आईंचा दिवसातला सगळ्यात जागा वेळ कोणता ते दोन-तीन दिवस बघा आणि मुख्य जेवण तेव्हा ठेवा. बऱ्याच जणांचा तो सकाळी आठ ते अकरा असतो. रात्रीचं जेवण सोडलं तरी चालेल, तेव्हा पेशंट गुंगीत असतात आणि माझ्या बघण्यात ठसके तेव्हाच जास्त लागतात.